एकोणचाळीस डॉलर साठ सेंटचे प्रेम : ‘इट हॅपन्ड वन नाईट’ कसा घडला

पटकथालेखन शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला असा, की १९३४ सालचा ‘इट हॅपन्ड वन नाईट’ हा कृष्णधवल चित्रपट प्रत्येक शिक्षक वर्गात का दाखवतो, त्यात आज शिकण्यासारखे नेमके काय उरले आहे. दुसरा असा, की नायक-नायिकेच्या खाटांमध्ये दोरीवर टाकलेले ते प्रसिद्ध ब्लँकेट सेन्सॉरच्या भीतीने आले, हे खरे का. मी वीसेक वर्षे पटकथा शिकवतो आहे आणि या चित्रपटाची पटकथा प्रसंगवार किती वेळा सोडवून पाहिली याची गणती ठेवलेली नाही. दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून ती एकत्रच देतो.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. एली अँड्र्यूज ही वॉल स्ट्रीटवरच्या एका धनाढ्य माणसाची मुलगी. किंग वेस्टली नावाच्या दिखाऊ विमानवीराशी तिने परस्पर लग्न लावले आहे आणि बापाला ते मान्य नाही. मायामीजवळ बापाच्या नौकेवरून ती समुद्रात उडी मारते आणि न्यूयॉर्कला जाणारी रात्रीची बस पकडते. त्याच बसमध्ये पीटर वॉर्न हा नुकतीच नोकरी गमावलेला वार्ताहर असतो. तो तिला ओळखतो आणि व्यवहार ठरतो : तिला वेस्टलीपर्यंत सुखरूप पोहोचवायचे, बदल्यात तिच्या पलायनाची बातमी फक्त त्याची. पुढे तिचे सामान चोरीला जाते, बस चुकते, पूल वाहून जातो, पैसे संपत येतात आणि या सगळ्या खटाटोपात दोघे एकमेकांत गुंततात.

कथा एवढीच आहे. सॅम्युअल हॉपकिन्स ॲडम्स यांची ‘नाईट बस’ ही कथा १९३३ साली ‘कॉस्मोपॉलिटन’ मासिकात आली, ती दिग्दर्शक फ्रँक काप्राच्या वाचनात आली आणि कोलंबिया कंपनीने तिचे हक्क घेतले. मूळ कथेतला नायक पत्रकार नाही. पटकथाकार रॉबर्ट रिस्किन आणि काप्रा यांनी त्याला वार्ताहर केले, हा माझ्या मते रूपांतरातला सर्वांत मोलाचा बदल आहे. वार्ताहर म्हटले की त्याला मुलीजवळ राहायला कारण मिळते, तिच्यापासून लपवण्याजोगा स्वार्थ मिळतो आणि ‘ही माझी कोण, बातमी की आणखी कुणी’ हा पेच आपोआप उभा राहतो. एका व्यवसायाच्या निवडीतून तीन कामे झाली.

आता निर्मितीच्या परिस्थितीकडे वळतो, कारण चित्रपटाचा स्वभाव तिथूनच आला आहे. हॅरी कोन यांची कोलंबिया ही त्या काळी हॉलिवुडमधली मोठी कंपनी नव्हती. तिच्या मालकीची चित्रपटगृहे नव्हती आणि करारावर बांधलेले मोठे तारेही फारसे नव्हते, त्यामुळे नट-नट्या दुसऱ्या कंपन्यांकडून उसन्या घ्याव्या लागत. बसवरच्या चित्रपटाला कुणी राजी होईना. मर्ना लॉय यांनी नकार दिला, रॉबर्ट माँटगोमरी यांनी नकार दिला. अखेर एमजीएमकडून क्लार्क गेबल मिळाले. कंपनीने त्यांना शिक्षा म्हणून या गरीब घरी धाडले, अशी कथा काप्राने रंगवून सांगितली आहे आणि तीच पुढे सर्वत्र पसरली. नायिकेसाठी पॅरामाउंटच्या क्लॉडेट कोल्बेर यांना विचारण्यात आले. त्यांचा पहिला चित्रपट, १९२७ सालचा एक मूकपट, काप्रानेच दिग्दर्शित केला होता आणि तो साफ पडला होता, त्यामुळे त्या मुळीच उत्सुक नव्हत्या. नेहमीच्या दुप्पट म्हणजे ५०,००० डॉलर मानधन आणि चार आठवड्यांत काम आटोपायचे, अशा दोन अटी त्यांनी घातल्या. कोन यांनी दोन्ही मान्य केल्या.

एकूण खर्च सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास आणि चित्रीकरणाला चार आठवडे, असा हा मामला होता. अशा वेळी दिग्दर्शकाला भव्य देखावे उभारता येत नाहीत. त्याच्याकडे उरते एक बस, एक खोली, एक रस्ता, एक गवताची गंजी आणि दोन माणसे. छायालेखक जोसेफ वॉकर यांनी त्या थोड्या साधनांतून जी रात्र उभी केली, खिडकीच्या काचेवरून ओघळणारा पाऊस आणि चांदण्यात चमकणारा ओढा, ती पाहताना मला अजूनही भरून येते. पण माझा मुख्य मुद्दा प्रकाशयोजनेचा नाही. हात आखडता असल्यामुळे लेखक-दिग्दर्शकांना प्रेम दाखवायला छोट्या वस्तू वापराव्या लागल्या आणि त्या वस्तूंनीच हा चित्रपट टिकवला, असे माझे ठाम मत आहे.

बाहेर अमेरिकेत महामंदी होती. १९३३ साली दर चार कामगारांमागे साधारण एक बेकार होता आणि त्या मार्च महिन्यात देशभरच्या बँका काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या होत्या. चित्रपटात हे कुणी भाषणात सांगत नाही. बसमध्ये सगळे प्रवासी ‘झोक्यावरच्या धाडसी तरुणा’चे गाणे मिळून म्हणत असतात, चालकसुद्धा सूर धरतो आणि गाणे रंगात आलेले असतानाच एका लहान मुलाचे रडणे ऐकू येते. त्याची आई उपाशीपोटी बेशुद्ध पडलेली आहे. न्यूयॉर्कला तिला काम मिळणार होते आणि होते नव्हते ते पैसे तिकिटात गेले. पीटर आणि एलीच्या जवळचे उरलेले पैसे त्या मुलाला दिले जातात. दृश्य मिनिटभराचे आहे, पण त्यानंतर नायक-नायिका खरोखर निर्धन होतात आणि पुढचा प्रत्येक प्रसंग त्या रिकाम्या खिशातून निघतो. भावनेचा क्षण कथेचे चाकही फिरवतो, अशी ही जागा वर्गात दाखवताना मी नेहमी थांबतो.

पैशांचा हा धागा पहिल्यापासून विणलेला आहे. एली बसमध्ये फेरीवाल्याकडून चॉकलेट मागवते आणि पीटर त्याला परत पाठवून सांगतो की आजपासून तुझा खर्च ठरलेला असेल. जन्मात पहिल्यांदा तिला कुणी ‘परवडत नाही’ असे म्हणतो. पूल वाहून गेल्यावर ते मोटारवाल्यांसाठीच्या एका तळावर उतरतात. तिथे छोट्या खोल्या असतात आणि अंघोळीची सोय बाहेर, सगळ्यांना मिळून. खोल्या दोन घ्यायला पैसे नाहीत, म्हणून नवरा-बायको म्हणून एकच घेतली जाते. सकाळी एली अंघोळीच्या रांगेत सरळ पुढे घुसायला जाते आणि बायका तिला मागे पाठवतात. दरम्यान पीटरने तिचा पोशाख इस्त्री करून ठेवलेला असतो आणि न्याहारी मांडलेली असते. मग तो तिला डोनट कॉफीत कसा आणि किती वेळ बुडवावा हे शिकवतो. वाफाळत्या चहात खारी बुडवणाऱ्या आपल्या घरांना हे शास्त्र नव्याने सांगायला नको, पण त्या श्रीमंत मुलीने ते कधी केलेलेच नाही. पुढे भूक लागल्यावर तो तिला शेतातली कच्ची गाजरे देतो, ती नाक मुरडते आणि काही वेळाने स्वतःहून गाजर कुरतडू लागते. त्या एका गाजरात तिचा सगळा बदल आहे. संवादात तो सांगितला असता तर प्रेक्षकाने ऐकून सोडून दिला असता.

आता ब्लँकेटचा प्रश्न. एकाच खोलीत दोन खाटा आहेत. पीटर मध्ये दोरी बांधतो, तिच्यावर ब्लँकेट टाकतो आणि त्याला ‘जेरिकोच्या भिंती’ म्हणतो. मराठी बायबलात या नगराचे नाव यरीहो असे आहे. यहोशवाच्या लोकांनी रणशिंगे फुंकली आणि नगराची तटबंदी कोसळली, अशी ती कथा आहे. पीटर म्हणतो की आपल्याकडे रणशिंग नाही, तेव्हा भिंत सुरक्षित आहे. हे ब्लँकेट कडक सेन्सॉरच्या धाकाने आले, असे अनेक लेखांत वाचायला मिळते, पण तारखा ते मान्य करत नाहीत. पडद्यावर काय दाखवावे आणि काय नाही याची हॉलिवुडची निर्मितीसंहिता १९३० साली लिहिली गेली होती हे खरे, मात्र पहिली चार वर्षे ती बरीचशी कागदावरच राहिली. या संहितेची अंमलबजावणी पाहणाऱ्या जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाच्या प्रमाणपत्राशिवाय चित्रपट दाखवायचा नाही, ही सक्ती जुलै १९३४ पासून लागू झाली. ‘इट हॅपन्ड वन नाईट’ त्याआधी, फेब्रुवारी १९३४ मध्ये प्रदर्शित झालेला होता. त्याच काळात इतर चित्रपट याहून कितीतरी मोकळे होते आणि काप्राला हवे असते तर त्यालाही तसे करता आले असते. त्याने आडपडदा निवडला, कारण त्यातून नाट्य निर्माण होते. सक्ती आल्यानंतर इतरांना या चित्रपटात तयार मार्ग सापडला, हे मात्र खरे, आणि कारण-परिणामाची गल्लत झाली ती इथेच.

ब्लँकेट काय काय करते ते बारकाईने पाहा. पहिल्या रात्री एली पलीकडे जायला तयार नसते, म्हणून पीटर कपडे उतरवण्याचे जणू प्रात्यक्षिक सुरू करतो आणि ती घाबरून आपल्या बाजूला पळते. या दृश्यात गेबल यांनी सदऱ्याखाली गंजीफ्रॉक घातलेला नव्हता आणि त्यामुळे अमेरिकेत गंजीफ्रॉकचा खप कोसळला, ही आख्यायिका फार प्रसिद्ध आहे. तिला विश्वासार्ह आकड्यांचा आधार नाही, तेव्हा आपल्या लेखनात ती वस्तुस्थिती म्हणून वापरू नये. दुसऱ्या मुक्कामी तोच पडदा असतो, पण आता तो नको आहे आणि दोघांनाही ते कळते आहे. पीटर अंधारात पडल्या पडल्या आपल्या स्वप्नातल्या बेटाबद्दल आणि हव्याशा वाटणाऱ्या सोबतिणीबद्दल बोलत राहतो आणि एली ब्लँकेट ओलांडून त्याच्या बाजूला येते. जी भिंत तिच्या रक्षणासाठी उभारली होती ती तीच ओलांडते. तो गांगरून तिला परत पाठवतो. संपूर्ण चित्रपटात हे दोघे पडद्यावर एकमेकांचे चुंबन घेत नाहीत, तरी त्या खोलीतली ओढ आजच्या प्रेक्षकालाही जाणवते.

रस्त्यावर गाडी थांबवण्याचा प्रसंग सर्वांना माहीत असतो, म्हणून त्याबद्दल थोडेच लिहितो. पीटर अंगठा दाखवून गाड्या थांबवण्याच्या तीन तऱ्हा मोठ्या अभिमानाने समजावतो, एकही गाडी थांबत नाही, आणि एली परकर गुडघ्यावर सरकवून पहिलीच गाडी थांबवते. कोल्बेर आधी पाय दाखवायला तयार नव्हत्या. काप्राने दुसऱ्या मुलीला बोलावले तेव्हा तिचा पाय आपला म्हणून खपवला जाणार हे पाहून कोल्बेर यांनी स्वतःच ते दृश्य दिले. कथेच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की इथपर्यंत पीटर शिक्षक आहे आणि इथून पुढे तो एकटाच शिक्षक राहत नाही.

शेवटाकडचा हिशेब हा माझ्या लेखी या चित्रपटाचा गाभा आहे. पीटर पहाटे एलीला न सांगता न्यूयॉर्कला जातो, कारण मागणी घालण्याआधी हातात काही असावे असे त्याला वाटते. तो संपादकाला बातमी देऊन १००० डॉलर मिळवतो. इकडे तो पळून गेला असे समजून एली बापाला फोन करते आणि वेस्टलीशी समारंभपूर्वक लग्नाला उभी राहते. हे कळल्यावर पीटर संपादकाचे १००० डॉलर परत करतो. एलीला शोधून देणाऱ्याला १०,००० डॉलरचे बक्षीस जाहीर झालेले असते. पीटर तिच्या बापाला भेटायला येतो तेव्हा बापाला वाटते की तो बक्षीस मागणार. पीटर खिशातून एक कागद काढतो : रोख खर्च ८ डॉलर ६० सेंट, ओव्हरकोट १५, सूटकेस साडेसात, हॅट ४, तीन सदरे साडेचार. एकूण ३९ डॉलर ६० सेंट. पेट्रोलसाठी विकलेल्या वस्तूंची ही यादी आहे. वर तो सांगतो की काही आतले कपडे आणि मोजेही विकले, पण ते धरत नाही.

हा कागद लिहिणाऱ्या रिस्किनबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. बाप चतुर व्यापारी आहे. दहा हजार सोडून एकोणचाळीस मागणारा माणूस काय मागतो आहे हे त्याला तात्काळ समजते. तो विचारतो, तुझे तिच्यावर प्रेम आहे का. पीटर टाळाटाळ करतो, तिला नावे ठेवतो आणि शेवटी गुन्हा कबूल करावा तसा ओरडून ‘हो’ म्हणतो. पुढे मुलीचा हात धरून वेदीकडे चालताना बाप हळूच तिच्या कानात सांगतो की त्या तरुणाला फक्त आपले ३९ डॉलर ६० सेंट हवे होते आणि मागच्या फाटकाशी गाडी उभी आहे. एली ऐन वेळी वळते आणि लांबलचक ओढणी मागे फडफडत हिरवळीवरून धावत सुटते. लग्नमंडपातून पळणाऱ्या वधूची जी असंख्य दृश्ये आपण पुढे पाहिली, त्यांतल्या बहुतेकांना हे दृश्य ठाऊक होते. प्रेमाचा पुरावा म्हणून एका खर्चाची यादी पुरते, कारण आधीचा दीड तास चित्रपटाने आपल्याला एकेका डॉलरची किंमत शिकवलेली असते.

एक आक्षेप नोंदवणे मला आवश्यक वाटते. पीटर एलीशी ज्या वरचढपणाने बोलतो, आणि हिला रोज कुणीतरी एक ठेवून द्यायला हवी या अर्थाचे जे उद्गार तो तिच्या बापासमोर काढतो, ते आज ऐकवत नाहीत आणि ऐकवूही नयेत. वर्गात मुली यावर बोट ठेवतात तेव्हा ‘काळच तसा होता’ एवढे म्हणून मी विषय मिटवत नाही. चित्रपटाने एलीला उडी मारणारी, भिंत ओलांडणारी आणि मंडपातून पळणारी केले आहे. तीनही निर्णायक कृती तिच्या आहेत. त्या तोलामुळे चित्रपट तग धरतो, पण म्हणून ते वाक्य निर्दोष ठरत नाही.

न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये चित्रपट लागला तेव्हा फारशी गर्दी झाली नाही. पुढे लहान गावांच्या चित्रपटगृहांत तो तोंडी प्रसिद्धीने चालला. २७ फेब्रुवारी १९३५ रोजी झालेल्या ऑस्कर समारंभात त्याला उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि रूपांतरित पटकथा हे पाचही प्रमुख पुरस्कार मिळाले. कोल्बेर यांना जिंकण्याची इतकी कमी आशा होती की त्या प्रवासाला निघाल्या होत्या. त्यांना रेल्वे स्थानकावरून आणण्यात आले आणि प्रवासी पोशाखातच त्यांनी पुरस्कार स्वीकारला. असे पाचही पुरस्कार पुन्हा एकाच चित्रपटाला मिळायला चार दशके जावी लागली.

आपल्याकडे ही कथा दोनदा ठळकपणे आली : १९५६ साली अनंत ठाकूर दिग्दर्शित ‘चोरी चोरी’ आणि १९९१ साली महेश भट्ट यांचा ‘दिल है के मानता नहीं’. ‘चोरी चोरी’त राज कपूर आणि नर्गिस आहेत आणि शंकर-जयकिशन यांचे संगीत आहे. तिथे ब्लँकेटने केलेले काम बऱ्याच अंशी गाण्यांनी केले. ‘ये रात भीगी भीगी’ ऐकताना दोघांमधला संकोच सुरांत विरघळतो आणि वस्तूंवर तितकी मदार ठेवण्याची गरज उरत नाही. मी याला उणेपणा मानत नाही, कारण ती आपली परंपरा आहे आणि तिची ताकद वेगळी आहे. याच चित्रपटाच्या संगीताला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला तेव्हा समारंभात ‘रसिक बलमा’ गाण्याची विनंती लता मंगेशकरांना करण्यात आली आणि पुरस्कार गायकांना नसताना मी का गावे, असे म्हणत त्यांनी ती नाकारली. त्यानंतर पार्श्वगायनाचा स्वतंत्र पुरस्कार सुरू झाला आणि १९५९ साली पहिला मान ‘आजा रे परदेसी’साठी लताबाईंनाच मिळाला.

तुम्ही स्वतः पटकथा लिहीत आहात, म्हणून एक काम सुचवतो. चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना हातात वही घ्या आणि पीटर-एलीच्या खिशात प्रत्येक प्रसंगाच्या आधी व नंतर काय उरले आहे एवढेच लिहीत जा : पैसे, कपडे, खाणे. संवाद टिपू नका. मग शेवटचे दृश्य पाहा. त्यात नायक-नायिका दिसतच नाहीत. तळाचे वयस्कर मालक-मालकीण खोलीबाहेर उभे राहून बोलत असतात, की या नव्या जोडप्याने दोरी आणि ब्लँकेट मागितले ते ठीक, पण रणशिंग कशाला हवे होते. आतून खेळण्यातल्या रणशिंगाचा आवाज येतो, ब्लँकेट जमिनीवर पडते आणि दिवा मालवतो.